राजाज्ञेची धर्मसुधारणा : इंग्लंडमधील मठविसर्जनाची एक चिकित्सा

‘जातिनिर्मूलन’ (१९३६) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेला युरोपीय जनतेच्या राजकीय मुक्तीची अग्रदूत म्हटले आहे. त्यामुळे आपल्या वाचकाच्या मनात ‘धर्मसुधारणा’ या शब्दाला मुक्तीचा अर्थ सहजच जोडला जातो. एमन डफी यांच्या ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ (१९९२) या ग्रंथाने इंग्लंडपुरते या समजुतीला आव्हान दिले. इंग्लंडचा जुना धर्म आतून जीर्ण झाला होता आणि नव्या मताला जनतेतूनच आधार मिळाला, असे ए. जी. डिकन्स यांनी १९६४ मध्ये मांडले होते. उलट, जुना धर्म सामान्यांच्या जीवनात जिवंत होता व सुधारणा त्यांच्यावर वरून लादली गेली, असे डफी म्हणतात. या दाव्याची परीक्षा मठविसर्जनाच्या घटनेवर करणे उचित ठरेल.

राजा आठवा हेन्री आणि त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यांनी १५३५ मध्ये चर्चच्या संपत्तीची मोजदाद करविली. १५३६ च्या कायद्याने वार्षिक २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले. कारण दिले ते अनाचाराचे. कसोटी लावली ती उत्पन्नाची. मोठ्या मठांत धर्माचरण उत्तम चालते, अशी प्रशस्ती याच कायद्याने केली होती. तरीही १५४० पर्यंत तेही बंद झाले आणि सुमारे ८०० मठसंस्था नामशेष झाल्या. हेतू शुद्धीकरणाचा होता की संपत्तीचा, हे यावरून स्पष्ट होते.

लोकांनी हे निमूटपणे सोसले नाही. ऑक्टोबर १५३६ मध्ये लिंकनशरमधील लाउथ येथे उठाव झाला. पाठोपाठ यॉर्कशरमध्ये रॉबर्ट आस्क या वकिलाच्या नेतृत्वाखाली ‘पिलग्रिमेज ऑफ ग्रेस’ हा मोठा उठाव उभा राहिला. ख्रिस्ताच्या पाच जखमांचे चिन्ह असलेल्या ध्वजाखाली सुमारे ३०,००० लोक जमले. सॉली येथील बंद मठात लोकांनी भिक्षूंना पुन्हा बसविले. पाँटिफ्रॅक्ट येथील मागण्यांत मठांच्या पुनःस्थापनेबरोबर शेतजमिनींना घातलेली कुंपणे आणि कुळांवरील नजराणा यांचाही प्रश्न होता. श्रद्धा आणि पोट यांची अशी फारकत सामान्य माणूस करीत नसतो. राजाच्या वतीने आश्वासने मिळाली, लोक पांगले, आणि १५३७ मध्ये आस्कला यॉर्क येथे फाशी देण्यात आले. उत्तरेकडील मठ गरिबांना मोठे दानधर्म करीत, अशी साक्ष त्याने चौकशीत दिली होती.

परिणाम दूरगामी झाले. मठांच्या जमिनी सरदार, दरबारी व जमीनदार यांच्या हाती गेल्या. छपरांचे शिसे वितळवून विकले गेले. मठवासिनींना तुटपुंजे निवृत्तिवेतन मिळाले. परंतु १५३९ च्या कायद्याने व्रतस्थांना विवाहाचा मार्ग बंदच ठेवला. ग्रंथालये उधळली गेली. पोपचा कट्टर विरोधक जॉन बेल यानेही १५४९ मध्ये शोक केला की, हस्तलिखितांची पाने किराणावाले व साबण विकणारे यांच्याकडे रद्दी म्हणून गेली. मठ बंद झाल्याबद्दल त्याला खेद नव्हता. ज्ञानाच्या नाशाबद्दल होता.

इथपर्यंत डफी यांची बाजू भक्कम आहे. परंतु त्यांच्या चित्रात एक मोठी उणीव राहते. वायक्लिफच्या विचारांतून निघालेल्या लोलार्ड पंथाला या विस्तृत ग्रंथात फारच थोडी जागा मिळाली आहे. १४०१ च्या कायद्याने अशा पाखंड्यांना जिवंत जाळण्याची तरतूद केली. १४०९ मध्ये बायबलच्या अनधिकृत इंग्रजी भाषांतरावर बंदी आली. जो धर्म आपला ग्रंथ लोकांच्या भाषेत वाचू देत नाही, तो लोकप्रिय होता एवढ्याने न्याय्य ठरत नाही. मठ दानशूर होते, तसेच ते जमीनदारही होते.

मात्र राजाची सुधारणा याहून मुक्तिदायी होती काय? १५३८ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला. १५४३ च्या कायद्याने कारागीर, उमेदवार, शेतकरी, मजूर आणि सामान्य स्त्रिया यांना ते वाचण्यास मनाई केली. ज्ञानाचे दार उघडले आणि दर्जा पाहून पुन्हा लावले! हे दार ज्यांच्यावर बंद झाले, त्यांच्या वंशजांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

म्हणून डफी यांच्या ग्रंथाने बाबासाहेबांचे विधान खोटे ठरत नाही. इंग्लंडविषयी बोलताना बाबासाहेबांनी त्या ठिकाणी नाव घेतले ते प्युरिटन चळवळीचे, हेन्रीचे नव्हे. एक चळवळ श्रद्धावंतांच्या विवेकातून वाढली. दुसरी खजिन्याच्या गरजेतून आली. जुन्या संस्था मोडणे म्हणजे धर्मसुधारणा नव्हे. माणसाने विचारपूर्वक जुने सोडले आणि नवे स्वीकारले, तरच ती त्याची होते. डफी यांचा ग्रंथ हा भेद स्पष्ट करीत नाही; तथापि तो करण्यास लागणारे पुरावे मुबलक देतो. यासाठी तो अवश्य वाचावा, परंतु लोलार्डांची आठवण जागी ठेवून.