कण्णगीचे पैंजण आणि कौमार्याचा पुरावा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हातात पैंजण घेऊन उभी असलेली कण्णगी १९६८ साली, दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने, तेथे आली. डिसेंबर २००१ मध्ये हा पुतळा हलविण्यात आला आणि जून २००६ मध्ये पुन्हा बसविला गेला. मधल्या काळात, सप्टेंबर २००५ मध्ये, अभिनेत्री खुशबू यांचे विवाहपूर्व संबंधांविषयीचे मत ‘इंडिया टुडे’च्या तमिळ आवृत्तीत प्रसिद्ध झाले आणि तमिळ ‘कर्पु’चा, म्हणजे स्त्रीच्या शीलाचा, अवमान झाला म्हणून गदारोळ उठला. कर्पुची आद्य प्रतिमा मानली गेलेली कण्णगी नेमकी तेव्हा जागेवर नव्हती.

खुशबू यांच्या म्हणण्याला दोन अंगे होती. वधू कुमारिकाच असावी ही अपेक्षा सुशिक्षित पुरुषाने सोडावी, हे एक. आणि संबंध येणारच असेल तर गर्भधारणेपासून व गुप्तरोगांपासून स्वतःला जपावे, हे दुसरे. वाद पहिल्यावरच माजला. आरोग्याची गोष्ट कोणाच्या कानी गेली नाही. तेवीस फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी त्या रद्द ठरविल्या.

ज्या काव्याच्या नावाने हे घडले ते ‘शिलप्पदिकारम्’ मात्र वेगळेच काही सांगते. इळंगो अडिगळांची कण्णगी विवाहित आहे. तिचा कर्पु म्हणजे निष्ठा आणि तिच्यातून उपजलेले, मदुरा जाळून टाकणारे तेज. कोवलनवर चोरीचा आळ येऊन त्याचा वध होतो, तेव्हा ती पांड्य राजासमोर पुरावा ठेवते तो पैंजणाचा. राणीच्या पैंजणात मोती असतात. कण्णगीचे फुटते आणि आतून माणके उसळतात. साऱ्या काव्यात तिच्या देहाची परीक्षा कोठेही होत नाही. देहात पुरावा शोधण्याची हौस नंतरच्यांची आहे.

ही हौस भाषेत किती खोल रुजली आहे ते पाहण्यासारखे आहे. योनिमुखाशी असलेल्या एका पातळ पडद्याला तमिळमध्ये ‘कन्नित्तिरै’, कुमारिकेचा पडदा, म्हणतात. मराठीत ‘कौमार्यपटल’ हा शब्द सर्रास चालतो. ‘योनिपटल’ हा निर्विकार शब्द असताना तो मागे पडावा, हे केवळ योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. वस्तुतः हा पडदा व्यक्तिपरत्वे निराळ्या आकाराचा व लवचीक असतो. पहिल्या समागमाच्या वेळी रक्तस्राव होईलच असे नाही, आणि कोणत्याही तपासणीने पूर्वसंबंध सिद्ध होत नाही. तपासणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले. पण नावातच निष्कर्ष भरलेला असला, की शास्त्राला आधी शब्दाशी झगडावे लागते.

मराठीत हा झगडा र. धों. कर्वे यांनी केला. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांचे गद्य रुक्ष आहे अशी तक्रार होते, आणि ती खोटी नाही. परंतु ‘पावित्र्य’, ‘शील’ यांसारख्या शब्दांची आभा काढून घेऊन इंद्रियांविषयी इंद्रियांच्याच भाषेत बोलायचे, तर अलंकार परवडत नाही. त्या रुक्षतेतच त्यांची शैली आहे. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून काढला तो २०१९ साली. तोवर तो भावी डॉक्टरांना शिकविला जात होता. बलात्काराच्या प्रकरणांतील दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. तरी ती चालूच राहिल्याने एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिच्यावर बंदी घालण्याचे निर्देश राज्य सरकारला द्यावे लागले. हा निर्णय न्यायालयाच्या मदुरा खंडपीठाने दिला. कण्णगीने राजासमोर पैंजण फोडले ते याच नगरीत.