‘जपाननं बॉम्ब टाकला’ : घरातली आठवण वाचायची कशी?

सातारा-सांगलीकडच्या ज्या घरांतली माणसं मुंबईत गोदीत, हमालीला होती, तिथं एक आठवण ऐकू येते. ‘जपाननं बॉम्ब टाकला, तेव्हा आजोबा मशीद बंदरला होते.’ इतिहास म्हणतो, तसा बॉम्ब पडलाच नाही. मग आठवण खोटी म्हणून सोडायची का?

आधी घडलं काय ते बघू. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली, चारनंतर अर्ध्या तासात दोन मोठे स्फोट झाले. जळता कापूस मांडवीच्या वस्तीवर पडला. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली.

आता बघा, सरकारनं बातमी दाबली. गावाकडं परतणाऱ्याच्या तोंडूनच काय ते कळणार. युद्धाचे दिवस, रंगूनवर बॉम्ब पडलेले सगळ्यांना ठाऊक. आकाशातून आग पडली म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? शिवाय वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच. तिथं प्रतिसरकार चालू होतं. सरकारी खुलाशावर विश्वास ठेवायचा कुणी? म्हणजे आठवणीतली ही चूक त्या काळाबद्दल खरंच सांगते.

पण माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. ही आठवण सांगताना आपण रमतो कशात? सोन्याच्या विटांत! जहाजावर सोनं होतं, त्यातली एक वीट उडून एका घरात पडली, हे खरंच आहे. पण तेवढंच रंगवून सांगितलं की पाठीवर पोती वाहणारा माणूस गोष्टीतून नाहीसा होतो. त्या दिवशी तो कुठं झोपला? मजुरी बुडाली ती कुणी दिली? गावाकडं बाईनं किती दिवस वाट बघितली? पिढ्यान् पिढ्या सांगताना हेच गळत गेलं. जपानचं विमान राहिलं, सोनं राहिलं, वाट बघणारी बाई राहिली नाही.

तेव्हा घरी म्हातारं माणूस असेल तर त्याची चूक लगेच सुधारू नका. ‘बॉम्ब नव्हता हो तो’ म्हटलं की बोलणं थांबतं. त्यापेक्षा विचारा, ‘मग गावाला कळलं कसं?’ खरी आठवण तिथून सुरू होते.