बोट लागण्यापूर्वी

प्रस्तुत पुस्तिका आठ पानांची असून आर्ट पेपरवर छापलेली आहे. मुखपृष्ठ आकर्षक आहे. मलपृष्ठ त्याहून आकर्षक आहे, कारण हप्त्यांची सोय तिथं दिली आहे. छपाई सुबक, मुद्रणदोष दोनच. लेखकाचं नाव कुठंही नाही. मात्र ही एखाद्या कंपनीनं पैसे देऊन लिहवून घेतली असावी, याचा अंतर्गत पुरावा पानोपानी सापडतो. विषय : समुद्रपर्यटन, म्हणजे क्रूझ. साहित्यप्रकाराबद्दल मात्र आमच्या घरात एकमत नाही. माझ्या मते हे निव्वळ स्वप्नरंजन आहे. सौ.च्या मते माहितीपत्रक आहे.

पुस्तिका आमच्या घरी मेथीच्या जुडीबरोबर आली. हिच्या भिशीतल्या कुणा बाईंनी दिली होती. महिनाभर ती फ्रिजवर, लाइटबिलाच्या खाली पडून होती. लाइटबिल भरलं गेलं तरी पुस्तिका जागची हलली नाही, तेव्हा मला संशय यायला हवा होता. पण संशय घेणं हे आमच्या बँकेत ऑफिसरचं काम. मी क्लार्क. मी फक्त वाचतो. कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचायचा, ही सवय आमच्या बहुतेक ग्राहकांना नसल्यामुळे त्यांच्या वाटणीचंही वाचन मीच करत आलो आहे. तेव्हा एका रविवारी दुपारी चष्मा लावून बसलो.

आता कुणी म्हणेल, बोटीत पाऊल न ठेवता बोटीचं परीक्षण? त्यावर माझं म्हणणं असं की, पाऊल ठेवून ज्यांनी केलं त्यांचा इतिहास पाहा. थॅकरेसाहेब १८४४ साली भूमध्य समुद्रात फिरून आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं तिकीट पी अँड ओ कंपनीनं फुकट दिलं होतं. मार्क ट्वेन १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ नावाच्या बोटीनं जेरुसलेमपर्यंत जाऊन आला आणि सहप्रवाशांची यथेच्छ टिंगल केली. त्याचं १२५० डॉलर भाडं वर्तमानपत्रानं भरलं. अगदी अलीकडे, १९९५ साली, डेव्हिड फॉस्टर वॉलेस नावाचा अमेरिकन लेखक सात रात्री कॅरिबियन समुद्रात हिंडला आणि असा कंटाळला की त्या कंटाळ्यावर मोठा थोरला निबंध लिहून गेला, भाडं मासिकाचं. तात्पर्य, क्रूझवर मार्मिक टीका करायची तर तिकीट दुसऱ्यानं काढावं लागतं. माझं तिकीट मलाच काढायचं आहे. म्हणून टीका आधी करून घेतो.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण म्हणजे प्रश्नावली. ‘तुमची प्रवासाची प्रकृती ओळखा.’ एकंदर दहा प्रश्न. तुम्हाला रोज नवीन ठिकाण पाहायला आवडतं का? हो म्हटलंत तर क्रूझ तुमच्यासाठीच, कारण रोज नवं बंदर. नाही म्हटलंत तरी क्रूझ तुमच्यासाठीच, कारण बॅग एकदाच उघडायची. गर्दी आवडते? मग करमणुकीचे कार्यक्रम आहेत. आवडत नाही? मग अथांग सागराचा एकांत आहे. (एका बोटीवर पंधराशे-अठराशे माणसं असतात. ती सगळी एकांतासाठी एकाच कठड्याशी आली तर काय, याचं उत्तर पुस्तिकेत नाही.) दहाही प्रश्नांत नापास व्हायची सोयच नाही. अशी परीक्षा मी फक्त आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात दिली आहे.

खरं तर प्रश्न चांगला होता. आपली प्रकृती कुठली, हे माणसानं तपासलं पाहिजे. माझी मला पक्की ठाऊक आहे. मी उतरणारा माणूस आहे. एस.टी. दहा मिनिटं थांबली की मी उतरणार. गाडी कर्जतला थांबली की वडा घ्यायला उतरणार. भूक असो नसो, उतरल्याशिवाय ते गाव लागलं असं मला वाटतच नाही. त्या गावच्या टपरीवरचा चहा प्यावा, ‘पाऊस कसा काय यंदा?’ असं कुणाला तरी विचारावं, आणि कंडक्टरनं डबल बेल दिल्यावर धावत येऊन दांडी पकडावी. याला मी प्रवास म्हणतो. आता समुद्रात उतरायचं कुठं?

या दृष्टीनं मी कार्यक्रमपत्रिका तपासली आणि कॉमर्सचा पदवीधर असूनही चक्रावलो. सगळ्यात स्वस्त सहलीचा मार्ग असा : ‘मुंबई – खोल समुद्र – मुंबई.’ संध्याकाळी निघायचं, एक दिवस समुद्रात काढायचा आणि सकाळी परत बॅलार्ड पिअरला. आमच्या एल.एफ.सी.च्या फॉर्मवर ‘गंतव्य स्थान’ असा रकाना आहे आणि त्याच्यापुढं ‘अंतर’. मी मनातल्या मनात भरून पाहिलं. गंतव्य स्थान : मुंबई. अंतर : शून्य. आमच्या हेडक्लार्कना हे नुसतं तोंडी सांगितलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तब्येत बरी आहे ना?”

पण वाचता वाचता लक्षात आलं, की यात कंपनीचा दोष नाही. हा धंदा जन्मलाच असा. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन या गृहस्थांच्या मोठमोठ्या बोटी अटलांटिकवर माणसं न्यायच्या. हिवाळ्यात उतारू मिळायचे नाहीत. बोटी धक्क्याला पडून. पण पगार चालू, व्याज चालू, घसारा चालू. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ नावाची बोट काढली आणि हौशी मंडळींना घेऊन दोन महिने भूमध्य समुद्रात फिरवून आणली. लोक हसले म्हणतात. पण स्थिर खर्च म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो हसणार नाही. पुढं १९५८ साली अटलांटिकवरून जेट विमानं उडू लागली, आणि ज्या बोटींना जायला ठिकाण होतं त्यांच्याही हाती हिंडणंच उरलं. ‘फ्रान्स’ नावाची १९६२ सालची डौलदार बोट १९८० पासून ‘नॉर्वे’ हे नाव घेऊन कॅरिबियनमध्ये सहली करत होती. तिची शेवटची फेरी मात्र आपल्याकडे झाली. गुजरातेत अलंगला, भंगारात.

म्हणजे ज्या बोटीला कुठंही जायचं नाही, ती बोट म्हणजे क्रूझ. माझा आक्षेप बोटीवर नाहीच, पुस्तिकेवर आहे. ती हे कबूल करत नाही. ‘गोवा पाहा’ म्हणते. पाहूच या. बोट लागणार मुरगाव बंदरात, वास्कोला. समजा सकाळी लागली. रांगेनं उतरायचं, बसमध्ये बसायचं. आमच्या मातुल घराण्याचं दैवत मंगेशी. तिथं पोचायला तासाभराच्या वर. अभिषेक सांगावा तर भटजी म्हणणार, बसा. बसलो तर बोट जाणार. एस.टी.चा कंडक्टर ‘अहो पाव्हणं’ म्हणून हाक तरी मारतो. बोट थांबत नाही, हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात आहे. देवाला घड्याळ दाखवून परत फिरायचं आणि दुपारचं जेवण बोटीवर, कारण त्याचे पैसे आधीच भरलेत. बांगड्याच्या घमघमाटातून चालत जाऊन बोटीवर पनीर खायचं. याला गोवा पाहिला म्हणतात? गोव्यानंच आपल्याला पाहिलं म्हणावं फार तर.

शेवटच्या पानाचं आणखी थोडं. किमतीवर एक तारा आहे. आकाशातल्या ताऱ्यांबद्दल पुस्तिकेत दीड पान आहे, या ताऱ्याबद्दल दीड ओळ. बंदर शुल्क वेगळं, जीएसटी वेगळा, सेवकांची बक्षिशी माणशी दररोज वेगळी, पेयं वेगळी, इंटरनेट वेगळं, किनाऱ्यावरची सहल वेगळी. मी कॅल्क्युलेटर घेतला. बेरीज मूळ आकड्याच्या दीडपटीच्या आसपास गेली. शिवाय दिलेला आकडा बिनखिडकीच्या खोलीचा. खिडकीला जास्त, गॅलरीला त्याहून जास्त. समुद्रात जाऊन समुद्र पाहण्याचे वेगळे पैसे! हे वाक्य मी इतक्या मोठ्यानं वाचलं, की आई देवघरातून बाहेर आली.

आईला क्रूझ हा शब्द माहीत नव्हता. ‘मोठी बोट गं, समुद्रातनं सहल,’ असं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “रामदासच्या वेळी पण आषाढच होता.” आमच्या घरात या वाक्यापुढं कुणी बोलत नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. त्यांत आमच्या आजोळच्या आळीतली दोन होती. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ निघतच नाहीत, आत्ताच्या बोटींवर निघण्यापूर्वीच सगळ्यांना गोळा करून कुठं जमायचं आणि जाकीट कसं घालायचं हे शिकवतात, हे सगळं मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली आणि वाती वळायला बसली.

वडील असते तर वेगळं बोलले असते. त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रत्नागिरी कितीदा केलं. रोहिणी, चंपावती ही नावं ते आत्यांची नावं घ्यावीत तशी घ्यायचे. डेकचं तिकीट, वळकटी पसरून जागा अडवायची, शेजारी कोंबड्यांची पाटी, आणि जयगड यायच्या आत निम्म्या डेकला बोट लागलेली. आपल्या भाषेत बोट धक्क्याला लागते आणि माणसाला बोट लागते. वडिलांच्या अनुभवानुसार दुसरी नेहमी आधी लागायची. (पुस्तिका म्हणते, हल्ली बोटीला दोन्ही बाजूंना पंख असतात, डोलणं कमी होतं, शिवाय खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. हा सल्ला खरा आहे. पुस्तिकेतला तेवढाच.) बंदरात धक्का नसला की बोट बाहेर उभी राहायची आणि पडावात उड्या मारायच्या. पण ती बोट कुठं तरी जात होती. तिकडं कुणाचं तरी लग्न होतं, कुणाचं बाळंतपण होतं, कंदील घेऊन कुणी न्यायला आलेलं होतं.

असा सगळा मजकूर मी मनात जुळवला आणि शेवटचा घाव म्हणून ती प्रश्नावली हिच्यासमोर ठेवायला पान उलटलं, तर दहाव्या प्रश्नापुढं पेन्सिलीनं काही लिहिलेलं. आधीचे नऊ कोरे. दहावा प्रश्न होता, ‘सुटीत तुम्हाला काय करायला आवडत नाही?’ पुढं हिच्या अक्षरात, वाण्याच्या यादीसारखं एकाखाली एक :

पहाटे उठणं.
डबा.
दोरी बांधणं.
आता कुठं, हे विचारणं.

दोरीचा अर्थ लागायला मला वेळ लागला. लॉजमध्ये कपडे वाळत घालायची दोरी. ती नेहमी हिच्या पर्समध्ये असते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकंदर सहली अकरा. त्यांत अष्टविनायक दोन दिवसांत, हा माझा विक्रम मी शाखेत अजून सांगतो. त्या वेळी ही पहाटे तीनला उठून पुऱ्या लाटत होती, हे त्या गोष्टीत मी कधी घातलं नव्हतं. हंपीला मी विजयविठ्ठल मंदिराचे खांब मोजत होतो तेव्हा ही धाकट्याचे दूध पिऊन ओकलेले कपडे धूत होती. हंपी कसं होतं हे विचारलं तर ही ‘नळाला पाणी होतं’ असं सांगते, आणि आम्ही सगळे हसतो. मी प्रत्येक ठिकाणी उतरलो. ही सामान सांभाळत गाडीत बसली होती.

कॅल्क्युलेटर तसाच चालू होता. त्या अकरा सहलींचं दर किलोमीटरला किती पडलं, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. त्यात डब्याचा खर्च धरलेला नाही.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून त्या एजंटाच्या ऑफिसात गेलो. हिला बरोबर घेतलं. मार्ग कोणता, असं त्यानं विचारलं. गोव्याचा की लक्षद्वीपचा? लक्षद्वीपला बोट लांब उभी राहते, छोट्या होडीतून बेटावर नेतात, वगैरे तो सांगू लागला. मी हिच्याकडं पाहिलं.

“ती कुठंच जात नाही ती कुठली?” हिनं विचारलं. “ती चालेल.”

त्यानं मुंबई ते मुंबई लिहिलं. मग खोलीचं आलं. ही म्हणाली, बिनखिडकीची घ्या, स्वस्तातली. मी म्हटलं, खिडकीची. फरक किती, ते मी विचारलं आणि ऐकून एकदा पाणी मागितलं. तरी खिडकीचीच म्हटलं. पावती, तारीख, रक्कम अक्षरी, सगळं तपासून मी सही केली.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, “अहो, खिडकी कशाला घेतलीत? मला झोपायचंय.”

“मी बसेन की खिडकीत.”

“बसा. पण सूर्योदय झाला म्हणून मला उठवू नका.”