समानतेची दोन चिन्हे : पीएचपी भाषेतील तुलना व प्रकार-रूपांतर – एक चिकित्सा

रास्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही स्क्रिप्टिंग भाषा संकेतस्थळांसाठी जन्मास आली. संकेतस्थळावरील अर्जातून येणारी प्रत्येक नोंद, मग ते वय असो वा रक्कम, अक्षरमाला म्हणूनच येते. त्यामुळे == या चिन्हाने तुलना करताना भाषा स्वतःच आवश्यक ते रूपांतर करते. ही सोय कोठे घातक ठरते, हे आपल्या परिचयाच्या उदाहरणावरून पाहता येईल.

सातबाऱ्यावर गटाचे पोटहिस्से १२/१, १२/२ असे लिहिले जातात. (येथे अंक संगणकात इंग्रजी लिपीत टंकलेले समजावेत.) पीएचपीच्या सातव्या आवृत्तीपर्यंत "१२/१" ही अक्षरमाला १२ या संख्येशी समान ठरत असे, कारण आरंभीचे अंक घेऊन उर्वरित भाग सोडून दिला जाई. "१२/२" हीदेखील १२ शी समानच. मात्र "१२/१" आणि "१२/२" परस्परांशी असमान! एकाच वस्तूशी समान असणाऱ्या वस्तू परस्परांशी समान असतात, हे युक्लिडचे पहिले सामान्य तत्त्वच येथे मोडते. दोन भावांच्या वाटणीची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत हा दोष केवळ तात्त्विक राहत नाही. "भूम" ही अक्षरमाला तर शून्याशी समान ठरे. भूमकरांनी हे मनावर घेऊ नये.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने हे दोन्ही निकाल बदलले. अक्षरमाला पूर्णतः संख्यारूप नसेल, तर आता संख्येचेच अक्षरमालेत रूपांतर होऊन तुलना होते. तथापि ही सुधारणा अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. "०१२" व "१२" या दोन अक्षरमाला आजही == ने समान ठरतात. दोहोंचा प्रकार एकच असताना रूपांतराचे प्रयोजन काय? बैठक क्रमांकातील आरंभीचे शून्य ही ओळख असते, संख्या नव्हे. प्रकारासह तुलना करणारे === हे चिन्ह चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००० पासून उपलब्ध आहे; परंतु यादीत घटक शोधणारे अंगभूत फलन स्पष्ट सूचना न दिल्यास अद्यापही शिथिल तुलनाच करते.

जावास्क्रिप्ट "१२/१" चे अर्धवट रूपांतर करीत नाही. ते रूपांतर अयशस्वी मानून १२ शी असमान ठरविते. पायथॉन अशा तुलनेत रूपांतरच करीत नाही. मात्र सांगितल्यास ती "५" या देवनागरी अंकाचेही पूर्णांकात अचूक रूपांतर करते. पीएचपीत त्याच "५" चे पूर्णांकात रूपांतर करण्यास सांगितले, तर कोणतीही तक्रार न नोंदविता शून्य हाती येते. मराठीतून भरलेल्या अर्जातील पाच एकर क्षेत्र अशा रीतीने निमूटपणे शून्य होऊ शकते.