हे नियम कोणाच्या आवाजाचे? तेलुगू स्वर आणि कोलकात्यातील एक प्रारूप

नियम-आधारित ज्ञान निरूपण म्हटले की तुमच्या पाठ्यपुस्तकात 'मायसिन' येते. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तज्ज्ञांना विचारून लिहिलेले, 'जर-तर' स्वरूपाचे काही शे नियम. नियम पटला नाही तर तो शोधून बदलता येतो. त्याच्या शेजारी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील काम ठेवून वाचा. फरक लगेच लक्षात येईल.

शंकर पाल आणि द्विजेश दत्त मजुमदार यांनी १९७७ मध्ये तेलुगू स्वर ओळखण्यासाठी फजी संच वापरले. पुढे हीच स्वरसामग्री (८७१ नमुने, तीन फॉर्मंट, सहा वर्ग) पाल आणि सुष्मिता मित्रा यांनी फजी न्यूरल नेटवर्कसाठी घेतली. प्रत्येक फॉर्मंट 'निम्न', 'मध्यम', 'उच्च' अशा तीन सदस्यत्व-मूल्यांत मांडला, म्हणजे इनपुट झाले नऊ. एकच वारंवारता ०.८ इतकी 'मध्यम' आणि ०.४ इतकी 'उच्च' असू शकते. बेरीज १ व्हायलाच हवी असे नाही, कारण ही संभाव्यता नव्हे. (परीक्षेत गुण जातात ते इथेच.) स्वरांचे प्रदेश एकमेकांत मिसळलेले असल्याने ही मांडणी सामग्रीला शोभते, आणि ती मला मनापासून आवडते.

१९९५ च्या लेखात याच नेटवर्ककडून 'जर-तर' नियम काढले आहेत. निर्णयाचे कारण विचारले की ते जड भारांच्या वाटेने मागे जाते आणि नियम सांगते. माझा आक्षेप इथे आहे. हा नियम त्या एका निर्णयाचे स्पष्टीकरण आहे. तो खोडला तरी नेटवर्कचे भार जसेच्या तसे राहतात. मायसिनमध्ये नियम हेच ज्ञान होते. इथे ज्ञान भारांत आहे आणि नियम ही त्याची सावली. दोन्हींना 'नियम-आधारित' म्हणून एकाच उत्तरात कोंबू नका.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 'उच्च' म्हणजे किती, हे सामग्रीवरून ठरते आणि ती सामग्री तीन पुरुषांच्या उच्चारांची आहे. स्त्रियांचा आणि मुलांचा स्वरमार्ग आखूड, म्हणून त्यांचे फॉर्मंट वरचे. त्यांचा साधा स्वरही या शब्दांत 'उच्च'कडे सरकेल. नियम वाचायला सोपा असल्यामुळे ही मर्यादा उलट झाकली जाते: 'उच्च' हा शब्द सर्वांना लागू असल्यासारखा वाटतो, आकडा तसा वाटला नसता.

'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, वर्गातील मुलामुलींचे 'आ' आणि 'ए' ध्वनिमुद्रित करा, पहिले दोन फॉर्मंट आलेखावर मांडा. मग 'मध्यम'ची सीमा आधी फक्त मुलांच्या बिंदूंवरून आखा, नंतर सर्वांच्या.