मालकाच्या वहीत आपला आजा

अ‍ॅलेक्स हेलीच्या 'रूट्स'बद्दल आपल्यात फार भक्तीनं बोललं जातं. 1976 साली पुस्तक आलं, 1977 साली अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर दिसलं. गुलामाच्या वारसालाही वंशावळ असते हे त्यानं जगाला ऐकवलं. एवढं श्रेय हेलीचं. पण भक्ती वेगळी आणि वाचणं वेगळं.

हेलीपुढं भिंत होती ती कागदाची. अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. नाव कुणाचं? मालकाचं. खाली नुसतं वय, बाई की बाप्या, रंग काळा की मिश्र. बस्स. गुलामीतून सुटलेली माणसं जनगणनेत नावानिशी आली ती 1870 ला. मागं जाणारा नातू तिथंच थटतो. पुढं जायचं तर मालकाची मृत्युपत्रं आणि विक्रीखतं चाळायची. गुराढोरांच्या रांगेत आजी सापडते, किमतीसकट.

हेली ही भिंत ओलांडतो घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींच्या जोरावर. गांबियातल्या जुफुरे गावचा कुंटा किंटे 1767 ला जहाजानं अ‍ॅनापोलिसला आला, वॉलरच्या घरी त्याचा 'टोबी' झाला, असं तो सांगतो. 1981 साली गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स यांनी व्हर्जिनियातले कागद तपासले. वॉलरचा टोबी 1767 च्या आधीच कागदात हजर! मग तो कुंटा कसा?

पुस्तकातले संवाद रचलेले आहेत हे हेलीनं कबूल केलंय. वंशावळ मात्र पक्की म्हणून सांगितली. माझं भांडण इथं आहे. दुवा तुटला तिथं 'तुटला' असं लिहायचं होतं. ती मोकळी जागा मालकानं केलेली आहे. ती गोष्टीनं बुजवली की मालक सुटतो. शिवाय कुंटाचा आजा कोण, तर दुष्काळात गाव वाचवणारा पुण्यपुरुष! साधा, कुणालाच माहीत नसलेला आजा का चालत नाही?

रेचल स्वार्न्सचं 2023 सालचं 'द 272' याच्याजवळ ठेवून वाचा. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी 1838 साली 272 माणसं लुइझियानात विकायला काढली. त्यातला पैसा जॉर्जटाऊनच्या कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. बाप्तिस्मा देणारे हेच, नोंद ठेवणारे हेच आणि विकणारेही हेच. आज वारस पणजोबाला हुडकतात ते पाद्र्यांच्याच विक्रीच्या यादीत आणि चर्चच्या वह्यांत. स्वार्न्स महोनी घराण्यातली तोंडी गोष्ट आणि कागद शेजारी शेजारी ठेवते. मला ही रीत पटते.

आता आपलं बघा. इंग्रजांच्या जनगणनेनं 1931 पर्यंत आपल्या जाती मोजल्या. छापलं ते आकडे. त्यात आजा सापडत नाही. आणि जात पडताळणीला पुरावा मागतात 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. आज्याचा शाळेचा दाखला आणा म्हणे! ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही त्याचा दाखला! मग कोतवाल बुकात जन्ममृत्यू हुडकायचे. तिथं नाव तोडकंमोडकं, जात मात्र ठसठशीत.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये मूळ शोधलं ते अस्पृश्यतेचं. पुरावा नाही तिथं तर्क केला, आणि तर्क केलाय हे प्रस्तावनेत उघड सांगितलं. आपली काही पोरं मात्र राजाचं रक्त शोधत फिरतात. राजा नाही सापडला तर आपण कमी ठरतो का रे?

तेव्हा वह्या हुडका, नकला काढून घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या आहेत तोवर त्यांचं बोलणं लिहून घ्या. कुणी सांगितलं, कधी सांगितलं तेही लिहा. जिथं काहीच मिळत नाही तिथं जागा कोरी सोडा, आणि ती कुणामुळं कोरी राहिली ते खाली लिहा.