नऊ टक्के : एका आकड्यावर किती भार टाकायचा?

पेपर वाचताना आपण सगळेच एक गोष्ट करतो. ॲबस्ट्रॅक्टमधला आकडा उचलतो, आपल्या मॉडेलमध्ये टाकतो आणि पुढे जातो. आज अशाच एका आकड्याची चिकित्सा करू या. आकडा आहे 9 टक्के.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाचा मासा आहे. तो चेसापीक खाडी, डेलावेअर आणि हडसन नद्यांमध्ये अंडी घालतो, उन्हाळ्यात उत्तरेला जातो आणि थंडीची चाहूल लागली की मेनहेडनसारख्या लहान माशांच्या मागे दक्षिणेला परततो. सप्टेंबरनंतर केप कॉड, मॉन्टॉक, न्यू जर्सी इथे हौशी गळवाल्यांची झुंबड उडते ती यासाठी. पकडलेले बहुतेक मासे मात्र परत पाण्यात सोडले जातात. मग प्रश्न येतो, सोडलेल्यांपैकी किती जगतात? सरकारी गणित म्हणतं, शंभरातले 9 मरतात.

हा आकडा डायोडाटी आणि रिचर्ड्स यांच्या 1996 च्या पेपरमधला. मॅसॅच्युसेट्समध्ये खाऱ्या पाण्याच्या एका बंदिस्त जागेत त्यांनी मासे गळाने पकडले, सोडले आणि किती मेले ते मोजलं. सरासरी आली 9 टक्के. पण पेपर तिथे थांबत नाही. गळ किती खोल गेला, कुठे रुतला, कसला गळ होता, पकडणारा किती सरावलेला होता, यावर मृत्यूचं प्रमाण बदलतं, हेही त्यात आहे. सगळं अनुकूल असेल तर अंदाज 3 टक्के, सगळं प्रतिकूल असेल तर 26 टक्के! लेखकांनी आपलं काम चोख केलंय. माझी तक्रार पेपरबद्दल नाही, तो कसा वापरला जातो त्याबद्दल आहे. 3 ते 26 ही रुंदी मागे राहिली आणि मधला आकडा तेवढा पुढे गेला.

आता नियम बघा. राज्यांचा समन्वय करणाऱ्या अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशनच्या 2019 मधल्या मूल्यमापनात साठा खालावलेला निघाला. म्हणून 2020 पासून खुल्या किनाऱ्यावर दिवसाला एकच मासा, तोही 28 इंचांपासून 35 इंचांच्या आतला. 2021 पासून आमिष लावून पकडायचं तर सर्कल हुक सक्तीचे, म्हणजे गळ घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकावा. 2015 मध्ये जन्मलेली मोठी पिढी या मापात आली आणि 2022 मध्ये हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. मग मे 2023 मध्ये तातडीने वरची मर्यादा 31 इंच केली.

मापाची खिडकी 7 इंचांवरून 3 इंचांवर आली, म्हणजे जास्त मासे परत सोडावे लागणार. म्हणजे नियम जितका कडक, तितकं सगळं गणित त्या 9 टक्क्यांवर टेकणार. आधीच, 2017 च्या हिशेबात माणसामुळे मेलेल्या एकूण माशांपैकी जवळपास निम्मे हे ‘सोडल्यावर मेलेले’ होते. ते कोणी मोजलेले नाहीत, गुणाकारातून आलेले आहेत.

समजा, एका वर्षात 3 कोटी मासे सोडले. 9 टक्क्यांनी 27 लाख मेले. प्रमाण 6 धरलं तर 18 लाख, 12 धरलं तर 36 लाख. फरक दुपटीचा. शिवाय ते 3 कोटीही लोकांना पत्राने विचारून काढलेल्या अंदाजावर उभे असतात. 2023 मध्ये नोआ या सरकारी संस्थेनेच मान्य केलं की प्रश्नांचा क्रम बदलला तर मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज 30 ते 40 टक्क्यांनी कमी येऊ शकतो. एक डळमळीत संख्या गुणिले दुसरी डळमळीत संख्या!

आणि ऋतूचं काय? गार पाण्यात सोडलेला मासा आणि जुलैच्या उन्हात, कोमट, कमी खारट पाण्यात सोडलेला मासा सारखे नसतात. मेरीलँडने 2021 पासून काही वर्षं जुलैच्या उत्तरार्धात चेसापीकमध्ये हा मासा धरून सोडायलाही बंदी केली ती यामुळेच. नियमाला ऋतू कळतो, गुणाकाराला कळत नाही.

नियमांमध्येही एक फरक दिसतो. किनाऱ्यापासून 3 मैलांपलीकडचं केंद्राचं पाणी या माशासाठी 1990 पासून बंद आहे. ब्लॉक आयलंडजवळच्या ठरावीक पट्ट्यातून पकडलेला मासा घेऊन बोट जाऊ शकते, पण न थांबता, पाण्यात गळ न टाकता. हे तपासता येतं. सोडलेला मासा दोन दिवसांनी मेला का, हे कुठलाही अधिकारी तपासू शकत नाही.

मग नियम चुकीचे? इथे घाई करू नका. गळवाल्यांमधले काही जण नेमकी हीच उडी मारतात. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आकडा दरवर्षी सारख्याच प्रमाणात चुकत असेल तर एकूण संख्या बदलते, पण चढ-उताराचा कल बराचसा टिकतो. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, या आकड्याशी संबंध नसलेला पुरावा आहे. मेरीलँडमध्ये 1954 पासून दर उन्हाळ्यात जाळं ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. दीर्घकालीन सरासरी 11 च्या आसपास. 2023 चा आकडा 1.0, 2024 चा 2.0. इथे कुठेही 9 टक्के नाहीत, पत्राने केलेलं सर्वेक्षण नाही. नवी पिढीच येत नाहीये, हे तरीही दिसतं.

म्हणून माझं मत असं: मासे वाचवण्याची गरज पक्की आहे, पण कुठला उपाय किती मासे वाचवेल याचे दावे कच्चे आहेत. ‘घरी नेऊ नका’ आणि ‘धरूच नका’ यांतला वाद याच कच्च्या भागावर चालतो. तिथे एकच आकडा देण्यापेक्षा ऋतू आणि पाण्यानुसार वेगळे आकडे, निदान रुंदी तरी, द्यायला हवी.

तुम्ही पुढचा पेपर वाचाल तेव्हा एवढं करा. ज्या गृहीतकावर सगळं उभं आहे ते शोधा, त्याचा मूळ पेपर काढा आणि शेवटपर्यंत वाचा. मग विचारा, हे गृहीतक काढून घेतलं तर काय उरतं? जे उरतं, त्यावर आधी विश्वास ठेवा.